‘क्वांटिटी’ म्हणजे किती?

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



इंग्रजीवर काही बोलावे अशी मला आज्ञा झाली आहे. इंग्रजी ही वाघिणीचे दूध आहे, जगाची खिडकी आहे, अशी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत आणि ती ऐकून कोणाच्या मुलाचे इंग्रजी सुधारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. म्हणून आज इंग्रजी भाषेबद्दल न बोलता इंग्रजीतील एकाच शब्दाबद्दल बोलणार आहे. तो शब्द आहे ‘क्वांटिटी’.

हा शब्द मुद्दाम निवडला. शेक्सपिअर वाचल्याशिवाय आपले अडत नाही. पण ‘क्वांटिटी’ हा शब्द बिस्किटाच्या पुड्यावर आहे, औषधाच्या बाटलीवर आहे, दुकानदाराच्या बिलावर ‘क्यूटीवाय’ अशा तुटक्या रूपात आहे, विज्ञानाच्या पुस्तकात आहे आणि आखातातील नोकरीच्या जाहिरातीतही आहे. शाळेची पायरी न चढलेली आई आणि पदवीधर मुलगा, दोघांच्याही हातातून तो दिवसाला चार वेळा जातो. त्याचा अर्थ विचारला तर दोघेही म्हणतील, “क्वांटिटी म्हणजे किती ते.”

हे उत्तर चुकीचे नाही. किंबहुना शब्दाचा जन्मच तेथे आहे. लॅटिनमध्ये ‘क्वांटस’ म्हणजे किती, केवढा. त्यापासून ‘क्वांटितास’ झाला, तो फ्रेंचमधून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. म्हणजे ‘किती’ या प्रश्नाला नाम करून टाकले. मराठीत जणू ‘कितीपणा’. गंमत अशी की अरबीत नेमके हेच घडले आहे. अरबीत ‘कम’ म्हणजे किती. त्यापासून ‘कम्मिय्या’ म्हणजे क्वांटिटी. नवव्या शतकात बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची भाषांतरे झाली, तेव्हा इसहाक इब्न हुनैनसारख्या भाषांतरकारांनी अॅरिस्टॉटलच्या तर्कशास्त्रातील शब्दांसाठी असे अरबी शब्द रूढ केले. आपल्यापैकी ज्यांनी आखातात काम केले आहे त्यांनी तेथील बिलांवर ‘अल-कम्मिय्या’ हा रकाना पाहिलाच असेल. त्याचे सख्खे भावंड म्हणजे ‘कैफ’, म्हणजे कसे. त्यावरून ‘कैफिय्या’, म्हणजे क्वालिटी. आणि तोच शब्द फारसीच्या वाटेने मराठीत येऊन ‘कैफियत’ झाला. दिवाणी दाव्यात प्रतिवादी आपली लेखी कैफियत देतो, तेव्हा तो काय घडले, कसे घडले हेच सांगत असतो. कैफियत आपण घरात घेतली, तिची बहीण मात्र बाहेरच राहिली.

आता व्याकरणाकडे वळू. विद्यार्थ्यांनी येथे कान द्यावेत, कारण परीक्षेतले गुण येथेच कापले जातात.

मराठीत ‘किती’ हा एकच शब्द सर्वांना पुरतो. किती पाणी, किती लोक, किती साखर, किती आंबे. शब्द तसूभर बदलत नाही. उर्दूत ‘कितना पानी’ आणि ‘कितने लोग’ असा फरक निदान कानाला तरी जाणवतो. इंग्रजी मात्र तोंड उघडण्यापूर्वीच तुम्हाला एक प्रश्न विचारते : ही वस्तू मोजायची आहे की मापायची? एक, दोन, तीन अशी सुटी सुटी मोजता येत असेल तर ‘हाउ मेनी’, आणि मापाने, वजनाने घ्यायची असेल तर ‘हाउ मच’. हा भेद इंग्रजांनी काढलेला नाही. अॅरिस्टॉटलने परिमाणाचे दोन भाग केले होते, एक सुटे आणि एक सलग. संख्या सुटी, रेषा, पृष्ठभाग, काळ हे सलग. मराठीतही ‘मोजणे’ आणि ‘मापणे’ ही क्रियापदे निराळी आहेत. तेव्हा भेद आपल्याला समजत नाही असे नाही. तो ‘किती’ या शब्दात उतरलेला नाही, इतकेच.

या भेदामुळे इंग्रजीत तीन नामे झाली : नंबर, अमाउंट आणि क्वांटिटी. ‘नंबर’ मोजण्याच्या वस्तूंना : अ नंबर ऑफ बुक्स, अ नंबर ऑफ स्टुडंट्स. ‘अमाउंट’ मापण्याच्या वस्तूंना : अ लार्ज अमाउंट ऑफ वॉटर. ‘अमाउंट ऑफ स्टुडंट्स’ असे लिहिलेत की तपासनीसाची लाल पेन्सिल फिरलीच म्हणून समजा.

येथे वर्गात हटकून एक हात वर होतो. “सर, पैसे तर आपण मोजतो. मग ‘अमाउंट ऑफ मनी’ कसे?” प्रश्न रास्त आहे. आपण मोजतो ते रुपये, नोटा, नाणी. ‘मनी’ हे इंग्रजीत पाण्यासारखे नाम आहे. एक मनी, दोन मनी असे कोणी म्हणत नाही. तांदळाचेही तेच. दाणे मोजता येतात, पण तांदूळ आपण मापतो. ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘अॅडव्हाइस’, ‘लगेज’ हे शब्दही या पंक्तीला बसतात आणि मराठी माणसाला येथेच ठेच लागते. कारण खुर्च्या आपण मोजतो, सामानाचे डाग मोजतो आणि वडीलधाऱ्यांनी केलेले उपदेश तर मोजून थकतो.

‘क्वांटिटी’ची जागा या दोघांच्या मधोमध, बांधावर आहे. ती मापाच्या वस्तूंना चालते : अ स्मॉल क्वांटिटी ऑफ सॉल्ट. मोजण्याच्या वस्तूंनाही चालते, पण एका अटीवर. त्या वस्तूंकडे माल म्हणून पाहिले पाहिजे. झाडाखाली पडलेले आंबे तुम्ही मोजता तेव्हा तो ‘नंबर ऑफ मँगोज’. तेच आंबे पेट्यांत भरून वाशीच्या बाजाराला निघाले की ‘क्वांटिटी ऑफ मँगोज’. म्हणूनच माणसांना हा शब्द लावू नये. ‘अ लार्ज क्वांटिटी ऑफ चिल्ड्रन’ असे लिहिले की मुले गोणीत भरल्यासारखी वाटतात. व्याकरणाचा नियम म्हणून नको, तर माणुसकी म्हणून तरी हे लक्षात ठेवा.

क्रियापदाचा नियमही सांगून टाकतो. ‘अ लार्ज क्वांटिटी ऑफ राइस वॉज सोल्ड’, येथे क्वांटिटी एक, म्हणून ‘वॉज’. ‘लार्ज क्वांटिटीज ऑफ राइस वेअर सोल्ड’, येथे अनेकवचन, म्हणून ‘वेअर’. तांदूळ दोन्हीकडे तोच आहे, पण क्रियापद तांदळाकडे पाहत नाही, क्वांटिटीकडे पाहते. उच्चारात मधला ‘टि’ गिळू नका; ‘क्वांटी’ असा शब्द इंग्रजीत नाही.

या शब्दाला मराठी प्रतिशब्द काय, असे मला विचारतात. एक नाही, अनेक आहेत. भौतिकशास्त्रात ‘राशी’, सदिश राशी, अदिश राशी हे शब्द नववी-दहावीच्या मुलांना ठाऊक असतील. तत्त्वज्ञानात ‘परिमाण’. उर्दूत ‘मिकदार’. वैद्यकात ‘मात्रा’, आणि हा शब्द मोठा गमतीचा आहे. वैद्य उगाळून देतो तीही मात्रा, अक्षराच्या डोक्यावर देतो तीही मात्रा, आणि कवितेत लघू अक्षराची एक व गुरू अक्षराची दोन मोजतो तीही मात्राच. इंग्रजी छंदशास्त्रातही अक्षराच्या लांबीला ‘क्वांटिटी’च म्हणतात. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी कशा पोहोचतात, पाहा.

बीजगणितात ‘अननोन क्वांटिटी’ म्हणजे अज्ञात राशी, आपला तो ‘क्ष’. बीजगणितावर ग्रंथ लिहिणारा अल-ख्वारिज्मी नवव्या शतकाच्या आरंभी बगदादला होता. त्याच्या काळचे अरब गणिती अज्ञाताला ‘शय’ म्हणजे वस्तू असे म्हणत आणि अज्ञाताच्या वर्गाला ‘माल’. बोलण्यातही हा प्रयोग आहे. नवा खेळाडू कसा निघेल याचा अंदाज नसेल तर इंग्रज त्याला ‘अननोन क्वांटिटी’ म्हणतो. येथे माणसाला क्वांटिटी म्हटलेले चालते, कारण येथे माल नसून गणित आहे.

पण आज मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते पुढेच आहे. क्वांटिटी म्हणजे नुसता आकडा नव्हे. आकडा आणि एकक मिळून क्वांटिटी होते. ‘पाच’ ही क्वांटिटी नाही. पाच किलो, पाच लिटर, पाच डझन, पाच मिनिटे या क्वांटिटी आहेत. आपल्या आजीच्या काळी दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती. देशात १९५६ साली दशमान मापांचा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. त्यापूर्वी ‘दोन दे’ असे कोणी म्हणत नसे. ‘दोन पायल्या दे’ असेच म्हणत. आज मात्र गणिताच्या उत्तरात मुले २४ लिहितात आणि पुढची जागा कोरी सोडतात. “सर, उत्तर बरोबर आहे ना?” असे वर विचारतात. २४ काय? मीटर, चौरस मीटर की रुपये?

एकक विसरल्याने काय होते याची एक खरी हकिकत सांगतो. २३ जुलै १९८३. कॅनडातील मॉन्ट्रिअलहून ओटावामार्गे एडमंटनला जाणारे एअर कॅनडाचे बोइंग ७६७ विमान. विमान नवे कोरे. त्या काळी कॅनडात पौंडाकडून किलोग्रॅमकडे बदल चालू होता आणि त्या कंपनीची ही पहिली विमाने होती ज्यांत इंधन किलोग्रॅममध्ये मोजायचे. टाकीत इंधन किती आहे हे दाखवणारी यंत्रणा त्या दिवशी नादुरुस्त होती. तिचे इंग्रजी नाव ऐका : ‘फ्यूएल क्वांटिटी इंडिकेशन सिस्टिम’. मग खालून कांडी लावून माप घेतले. टाकीत ७,६८२ लिटर निघाले. प्रवासाला हवे होते २२,३०० किलोग्रॅम.

आता लिटरचे किलोग्रॅम करायचे तर सुमारे ०.८ ने गुणले पाहिजे, कारण एक लिटर विमानी इंधन सुमारे ०.८ किलो भरते. पण सवयीने १.७७ ने गुणले गेले. १.७७ हा आकडा चुकीचा नव्हता. एक लिटरचे पौंड तितकेच होतात. उत्तर आले १३,५९७. गुणाकार अगदी बरोबर! फक्त ते पौंड होते आणि सर्वांनी ते किलो समजले. त्या हिशेबाने ४,९१७ लिटरच्या आसपास इंधन भरले. भरायला हवे होते सुमारे २०,००० लिटर. ओटावाला पुन्हा तपासले, पण गुणक तोच वापरला. विमान निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन उडाले आणि वाटेत हवेत असतानाच एकामागून एक दोन्ही इंजिने बंद पडली. विमानात ६९ माणसे होती. कॅप्टन पिअर्सन यांना ग्लायडर चालवण्याचा अनुभव होता. त्यांनी ते अवजड विमान तरंगत तरंगत गिमली येथील जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरवले. ती धावपट्टी त्या दिवसांत मोटारींच्या शर्यतींसाठी वापरात होती आणि तेथे माणसे जमलेली होती. कोणाचाही जीव गेला नाही. विमानतळावरच्या त्या माणसांना गुणाकार येत नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही.

आपल्याकडे विमाने नाहीत, पण औषधाच्या बाटल्या प्रत्येक घरात आहेत. पालकांनी, विशेषतः मातांनी, येथे लक्ष द्यावे. तापाच्या पातळ औषधाच्या बाटलीवर दोन क्वांटिटी छापलेल्या असतात. एक मोठ्या अक्षरात : बाटलीत एकूण किती मिलिलिटर. दुसरी बारीक अक्षरात : किती मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम औषध. बाळाला लागू पडते किंवा बाधते ती ही दुसरी. पॅरासिटामॉलचेच घ्या. बाजारात एका सिरपमध्ये दर ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्यात दर ५ मिलिलिटरला २५०. अगदी लहान बाळांसाठीच्या थेंबांच्या बाटलीत तर दर १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमही असते. थेंबांचे औषध सिरप समजून चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर दिले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातील, पहिल्या सिरपच्या चौपट. थोरल्या मुलाची उरलेली बाटली धाकट्याला “तेवढेच दे” म्हणून देणे म्हणजे विमानात १.७७ ने गुणणे होय. डॉक्टरांनी कोणत्या बाटलीतले किती मिलिलिटर सांगितले ते विचारून घ्यावे, आणि घरातला चमचा न वापरता बाटलीबरोबर आलेले खुणेचे माप वापरावे. घरचे चमचे सगळे सारखे नसतात. घरात आठवीतला मुलगा किंवा मुलगी असेल तर लेबल त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या. इंग्रजीच्या शिकवणीची फी वाचेल.

किराण्याकडे थोडक्यात पाहू. वेष्टनबंद मालावर ‘नेट क्वांटिटी’ छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ‘नेट’ म्हणजे डबा, पिशवी, कागद वजा जाता आतला माल. गोडे तेल घेताना पाहा : १ लिटरची पिशवी आणि १ किलोची पिशवी एक नव्हेत. लिटरभर तेल सुमारे ९१० ग्रॅमच भरते. दोहोंची किंमत सारखी असेल तर किलोची पिशवी घेणे शहाणपणाचे. रेशनचेही तसेच. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो धान्य आहे, तर अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असोत, ३५ किलो. एका ठिकाणी एकक माणूस आहे, दुसऱ्या ठिकाणी घर. प्राधान्य कार्डावर सहा नावे असतील तर ३० किलो आले पाहिजेत. पावती हातात घेऊन हा गुणाकार करायला पाचवीचे मूलही पुरे. कुरआनात कमी मापून देणाऱ्यांवर एक स्वतंत्र सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन, आणि तीत मापून देणे व तोलून देणे या दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख आहे. घेणाऱ्याने वाचून पाहिले तर देणाऱ्यालाही प्रामाणिक राहणे सोपे जाते, असे माझे मत आहे.

आता थोरल्या विद्यार्थ्यांसाठी. आपल्या भागातून आखातात जाणारी मुले वर्षानुवर्षे जात आहेत. बांधकामाच्या जाहिरातींत ‘क्वांटिटी सर्व्हेअर’ हे पद असते आणि पुष्कळांना वाटते की हा जमीन मोजणारा. तसे नाही. इमारतीला काय काय, किती लागेल आणि त्याचा खर्च किती होईल याचा हिशेब ठेवणारा हा माणूस. त्याचे मुख्य कागदपत्र म्हणजे ‘बिल ऑफ क्वांटिटीज’. येथे बिल म्हणजे पैसे मागण्याचा कागद नव्हे, तर तपशीलवार यादी. सरकारी ठेकेदाराकडे काम करणाऱ्या कोणाही ओळखीच्या माणसाकडे अशी यादी पाहायला मिळेल. तिच्यात कामाचे वर्णन, क्वांटिटी, युनिट, दर आणि शेवटी रक्कम असे रकाने असतात. काँक्रीट घनमीटरमध्ये, गिलावा चौरस मीटरमध्ये, पाइप मीटरमध्ये, सळई किलोत किंवा टनात, आणि दरवाजे नगांत. मघाशी सांगितलेली मोजण्याची वस्तू आणि मापण्याची वस्तू येथे एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसतात, आणि त्या रकान्याला शोभेल असा शब्द इंग्रजीत एकच आहे. शेवटच्या रकान्याचे नाव मात्र ‘अमाउंट’, कारण तेथे पैसे आहेत. ही यादी नीट वाचता येणे हे कित्येक घरांत महिन्याच्या पगाराचे साधन झाले आहे. स्थापत्य पदविका किंवा पदवी घेणाऱ्यांनी ‘एस्टिमेटिंग अँड कॉस्टिंग’ हा विषय रटाळ म्हणून मागे टाकू नये.

जाता जाता पालकांना एक विचारतो. “क्वांटिटी नको, क्वालिटी हवी” असे आपण सभेत म्हणतो, आणि घरी मुलाला विचारतो, “किती पाने लिहिलीस? किती टक्के पडले?” टक्क्याला मी नावे ठेवत नाही, मीही तेच मोजून पगार घेतो. पण ‘कम’ विचारून झाले की कधी ‘कैफ’ही विचारा : आज काय शिकलास, ते कसे आहे, मला समजावून सांग.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हाला एक काम देतो. आज घरी गेल्यावर स्वयंपाकघरातल्या आणि औषधांच्या कप्प्यातल्या दहा वस्तू घ्या. वहीवर चार रकाने आखा : वस्तू, आकडा, एकक, आणि ती मोजली की मापली. अंड्यांच्या खोक्याजवळ आणि साबणाच्या वडीजवळ तुम्ही अडाल. अंडी नगावर मिळतात, साबण नगावर घेतो पण वेष्टनावर ग्रॅम असतात. अडलात की सोमवारी मधल्या सुट्टीत मला भेटा. वही आणायला विसरू नका.